दहावीची परीक्षा, केळीची कापणी अन् तीन देश

आमची युरोपची ट्रिप झाली दोन आठवड्यांची पण तिची तयारी चालली सात महिने, अन् मला विचाराल तर त्या सात महिन्यांबद्दलच जास्त सांगण्यासारखं आहे. फोटो सगळ्यांकडे असतात. पण रावेर तालुक्यातल्या खेड्यातून, घरात एक दहावीची पोरगी, एक आठवीतला पोरगा, शेतात केळी उभी, अशा परिस्थितीत हे कसं जमवलं ते कोणी आधी सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या, म्हणून लिहितेय.

आधी आमचं सांगते. मी फैजपूरकडच्या एका अनुदानित शाळेत इतिहास शिकवते, हे पूर्ण वेळ केळीची शेती बघतात. मोठी सई, धाकटा पार्थ. सईचं दहावीनंतर अकरावी-बारावीला नाशिकला होस्टेलवर जायचं जवळपास ठरलेलं होतं, म्हणजे २०२५ चा मे हा चौघांनी एकत्र घालवायचा शेवटचा निवांत उन्हाळा, हे मला दिसत होतं. पुढे तिच्या परीक्षा, मग त्याची दहावी, मग त्याचं जाणं. माझ्याकडे भिशीचे अन् सातव्या वेतन आयोगाच्या फरकाच्या हप्त्यांचे पैसे बाजूला ठेवलेले होते. मी ह्यांना म्हटलं, सोनं नको, प्लॉट नको, आपण पोरांना घेऊन जाऊन येऊ. हे दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले मेमध्येच जावं लागेल का, आपली कापणी असते. मी म्हटलं हो, मेमध्येच, कारण दहावीचा पेपर मार्चमध्ये संपतो अन् जूनमध्ये शाळा-कॉलेज सुरू होतं, दुसरी फटच नाही.

पहिल्यांदा अर्थातच टूरवाल्यांकडे गेलो. जळगावला एका ठिकाणी बसलो, त्यांनी छान चहा दिला अन् १२ दिवसांत ७ देशांचा कागद समोर ठेवला. वाचायला भारी वाटलं. घरी येऊन सईने तो कागद घेतला अन् प्रत्येक दिवशी बसमध्ये किती तास ते बाजूला पेन्सिलीने लिहीत गेली, काही दिवस सहा तास, काही दिवस सात. पार्थ म्हणाला म्हणजे रोज रावेर ते नाशिक. शिवाय १२ वर्षांवरची पोरं म्हणजे पूर्ण मोठ्यांचा दर, अन् पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूरवाला आधीच वसूल करतो तो कर, वेगळा, तेव्हाच्या नियमाने ७ लाखांपर्यंत ५ टक्के अन् त्याच्या वर २० टक्के. रिटर्न भरताना तो पैसा परत मिळतो किंवा वळता होतो हे खरं, पण तोपर्यंत हातातून जातोच ना. ज्यांच्यासोबत वयस्कर माणसं आहेत त्यांना पॅकेज चांगलं पडत असेल, माझ्या नणंदबाई तशाच जाऊन आल्या अन् खुश आहेत. पण वयात आलेल्या पोरांना सकाळी सहाला उठवून बसमध्ये बसवायचं अन् दिवसभर "उतरा, फोटो काढा, बसा" करायचं, ह्यात त्यांचं मन लागणार नाही हे मला वर्गात रोज दिसतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ओढत नेलं की ती सोबत असूनही सोबत नसतात.

दिवाळीत, म्हणजे २०२४ च्या भाऊबीजेच्या रात्री, जेवणं झाल्यावर मी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. म्हटलं, दोनच गोष्टी लिहा, तिकडे काय पाहिजे, अन् काय अजिबात नको. एकमेकांचं बघून लिहायचं नाही. ही एक गोष्ट केली नसती तर बाकी सगळं फसलं असतं असं मला अजूनही वाटतं. सईने लिहिलं, पॅरिस अन् नोत्र दाम पाहिजे (आगीनंतर ते चर्च डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडणार होतं, तिने त्याचं सगळं वाचून ठेवलेलं), अन् नको काय तर रोज लवकर उठणं. पार्थने लिहिलं, स्वित्झर्लंडचा गोट्टहार्ड रेल्वे बोगदा पाहिजे, म्युझियम नको. ह्यांनी लिहिलं बर्फ, अन् धावपळ नको. मी लिहिलं रोम. वीस वर्षं वर्गात फळ्यावर कोलोसियम काढत आलेय, एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. सासूबाई येणार नव्हत्याच, गुडघ्यांमुळे, पण पार्थने त्यांनाही चिठ्ठी दिली. त्या म्हणाल्या मला काय पाहिजे तठी, अन् मग थोडं थांबून म्हणाल्या, तिकडची केळी कशी राहते ते पाहून या.

त्या चार-पाच चिठ्ठ्यांवरून देश आपोआप ठरले. रोमसाठी इटली, बोगदा अन् बर्फासाठी स्वित्झर्लंड, नोत्र दामसाठी फ्रान्स. बस. माझ्या वहीत आधी ॲमस्टरडॅम होतं, व्हिएन्ना होतं, प्राग पण होतं. ते खोडताना जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू, पण कोणाच्याच चिठ्ठीत ते नव्हतं, ते फक्त इतरांच्या स्टेटसवरून माझ्या वहीत आलं होतं.

देश कमी केल्याचा दुसरा फायदा नंतर कळला, तो व्हिसाचा. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या गटाचा, व्हिसा एकच असतो, तो घेतला की त्या सगळ्या देशांत फिरता येतं, पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ह्याचा नियम आहे: ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे, अन् रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये सगळीकडे दोन-दोन, तीन-तीन रात्री होत्या अन् त्यात एक हॉटेल बदललं की अर्जाचा देशच बदलायचा. मग आम्ही पक्कं केलं, रोम ४ रात्री, लुझर्न ५, पॅरिस ४. पाच रात्री स्वित्झर्लंडच्या, म्हणजे अर्ज स्विसकडे, प्रश्न मिटला. विमानाचं तिकीट पण जातानाचं रोमचं अन् येतानाचं पॅरिसहून असं काढलं, बुकिंग करताना मल्टी-सिटी असा पर्याय असतो तो. परत रोमला यायचं म्हणजे एक पूर्ण दिवस अन् चार जणांचं भाडं वाया.

पासपोर्टचं काम दिवाळीनंतर लगेच केलं. पोरांचे नव्हतेच. लहान मुलांच्या पासपोर्टला आईबापाच्या सह्यांचं परिशिष्ट डी लागतं अन् तो पाच वर्षांचा किंवा १८ व्या वर्षापर्यंतचा मिळतो, पंधरा पूर्ण झालेल्या मुलांना दहा वर्षांचा पण घेता येतो, सईचा आम्ही तसाच घेतला. अडलं ते पार्थच्या जन्मदाखल्यावर. दाखल्यावर नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं अन् आधारवर वेगळं, एका अक्षराचा फरक. ते सरळ करण्यात पंधरा दिवस गेले. ज्यांना पुढच्या वर्षी जायचं असेल त्यांनी आजच पोरांचे दाखले, आधार, शाळेचं रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवून बघा.

मग खरी कसरत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो अन् उशिरात उशिरा १५ दिवस आधी. आमचं निघायचं १७ मे. पण १२ वर्षांवरच्या सगळ्यांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे सईला मुंबईला न्यावंच लागणार, अन् दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च. फेब्रुवारीत आधी प्रॅक्टिकल. जानेवारीत पूर्वपरीक्षा. माझं मन सांगत होतं जानेवारीतच उरकून टाक, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाहीत असं जो तो सांगत होता. पण सई म्हणाली मम्मी, परीक्षेच्या आधी मला हे डोक्यात नको. शाळेत मी दुसऱ्यांच्या मुलांना हेच सांगते अन् घरी विसरत होते. तर जानेवारीच्या शेवटी बसून २० मार्चची तारीख घेतली, पेपर संपल्यावर तिसऱ्या दिवसाची. धाकधूक होती कारण निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात पण कधी ४५ पण लागू शकतात, अन् २० मार्चला ४५ मिळवले तर ४ मे येतो. बसत होतं.

आता कागदपत्रं, अन् इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण शेतकरी कुटुंबाला ह्याबद्दल धड कुठेच माहिती मिळत नाही. माझं सोपं होतं. पगाराच्या स्लिपा, शाळेचं ना-हरकत, रजेचं पत्र, तीन वर्षांचे रिटर्न. ह्यांचं काय दाखवायचं? शेतीचं उत्पन्न तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) खाली करमुक्त, त्यामुळे ह्यांनी कित्येक वर्षं रिटर्नच भरलेला नव्हता, भरायची गरजच पडली नव्हती. नशिबाने भुसावळच्या आमच्या सीएंनी दोन वर्षांपूर्वी पीककर्जाच्या वेळी सांगितलं होतं की कर नसला तरी करमुक्त उत्पन्न दाखवून रिटर्न भरत जा, म्हणून दोन वर्षांचे होते. त्याला जोडून सातबारा अन् आठ-अ, दोन्हीचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, केळी व्यापाऱ्याच्या पावत्या, अन् त्या पावत्यांचे पैसे बँकेत जमा झालेले दिसतील असं स्टेटमेंट. पावतीवरचा आकडा अन् स्टेटमेंटमधला आकडा मी हायलायटरने एकाच रंगात रंगवला, प्रत्येक पावतीला वेगळा रंग. आपल्याकडे व्यापारी बरेचदा निम्मे पैसे रोख देतो, ते रोख घरात आले की कागदावर ते नसतातच. ह्यांनी दिवाळीपासून सगळा माल बँकेतूनच पैसे घेऊन दिला, एक व्यापारी त्यावरून नाराज पण झाला. पण एखाद्याला पुढच्या वर्षी परदेशी जायचं असेल तर ही सवय आतापासून लावा, शेवटच्या महिन्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकून उपयोग होत नाही, ती आली कुठून हे विचारतातच.

अन् कव्हर लेटर. ते सईने परीक्षेनंतरच्या दोन दिवसांत लिहिलं. आम्ही कोण, कुठे चाललो, खर्च कोण करणार, हे तर होतंच, पण तिने एक परिच्छेद केळीवर लिहिला की हे जवळपास वर्षभराचं पीक असतं, कापणी चालू असताना वडील फक्त दोन आठवडे बाहेर राहू शकतात, अन् परत येणं भाग आहे. व्हिसा देणाऱ्याला हेच तर बघायचं असतं, माणूस परत येईल का. मला तो परिच्छेद वाचून पोरगी मोठी झाली हे कळलं.

सोबत प्रवास विमा लागतो, किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा. पासपोर्ट युरोपातून निघाल्यावर पुढे किमान तीन महिने चालणारा अन् दोन पानं कोरी असलेला पाहिजे. फी ९० युरो प्रत्येकी, ६ ते ११ वयाच्या मुलांना निम्मी, पण आमची दोघं त्यापुढची म्हणून चारही पूर्ण. अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. १९ मार्चला रात्री भुसावळहून अमरावती एक्स्प्रेसने निघालो, सकाळी दादरला उतरलो, तिथेच वेटिंग रूममध्ये तोंडं धुतली अन् साडेदहाच्या वेळेला हजर. ह्यांचे ठसे मशीन घेईना. केळीचा चीक अन् विळ्याने बोटांची कातडी अशी झालीय की रेषा उमटत नव्हत्या, तिथल्या मुलीने शांतपणे चार-पाच वेळा बोटं पुसून पुसून घेतले, तिचे उपकार. शेतात काम करणाऱ्यांनी जायच्या आधी आठ दिवस रात्री हाताला खोबरेल लावून झोपा अन् चीक लागू देऊ नका, हे मी मनापासून सांगतेय.

पासपोर्ट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुरियरने घरी आले, चारही व्हिसे लागलेले. तोवर मी ट्रेनची अन् बाकीची तिकिटं काढली नव्हती, फक्त फुकटात रद्द होणारी हॉटेलं धरून ठेवली होती. व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणारं काहीही घेऊ नका. विमान आम्ही आधी घेतलं होतं, तेवढी जोखीम उचलली कारण भाडं वाढत चाललं होतं, चौघांचे दोन लाख चाळीस हजार.

आता पोरांच्या वयाचं. आपण त्यांना सरसकट मोठी पोरं म्हणतो, तिकडे तिकिटात १२, १६ अन् १८ ह्या तीन रेघा असतात अन् तुमचं पोरगं कुठल्या रेघेच्या अलीकडे आहे त्यावर हजारो रुपयांचा फरक पडतो. स्वित्झर्लंडमध्ये आईबापाकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर ६ ते १५ वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्डवर फुकट प्रवास. पार्थ फुकट. सईला फेब्रुवारीत सोळावं लागलं... म्हणजे सोळा पूर्ण झाले, तिला तरुणांचा सवलतीचा पास घ्यावा लागला. तेच लूव्र म्युझियममध्ये १८ च्या आतल्यांना फुकट अन् आम्हाला तेव्हा, २०२५ मध्ये, २२ युरो, कोलोसियमला पण १८ च्या आत फुकट पण फुकटचं तिकीट नावानिशी बुक करावंच लागतं, तिथे जाऊन मिळेल अशा भरवशावर राहू नका. युरेलचा सगळ्या देशांचा पास पण बघितला होता, त्यात ४ ते ११ ची मुलं फुकट, आमची दोघं त्यातून बाहेर, अन् इटली-फ्रान्सच्या फास्ट गाड्यांना वरून रिझर्वेशनचे पैसे द्यावे लागतात, म्हणून दोन लांबचे प्रवास सुटे बुक केले अन् फक्त लुझर्नच्या चार दिवसांचा स्विस पास घेतला. आम्ही घेतला त्या प्रकारचे पास सलग दिवसांचे असतात, ३, ४, ६, ८, १५ असे, म्हणून चार दिवस असे निवडले की डोंगर अन् बोटी सगळं त्यात येईल. रिगीचा डोंगर त्या पासवर पूर्ण फुकट आहे, अन् तिथली १८७१ सालची रेल्वे युरोपातली पहिली डोंगर चढणारी दातेरी रेल्वे. तिटलिसच्या बर्फाच्या डोंगराला पासवर निम्मं भाडं.

रेल्वेचं सगळं खातं पार्थकडे दिलं होतं. भुसावळ जवळ असल्यामुळे आमच्याकडच्या पोरांना रेल्वेचं वेड असतंच, त्यात ह्याचा आजोळकडचा आजा रेल्वेत होता. त्याने रोम ते मिलान, मिलानला गाडी बदलून लुझर्न, मग लुझर्न-बासेल-पॅरिस, सगळ्या वेळा काढल्या अन् मिलानला गाडी बदलायला मी ४० मिनिटं ठेवली होती तर त्याने ती दीड तास केली. म्हणाला, मम्मी आपल्याकडे चार बॅगा आहेत अन् प्लॅटफॉर्म कुठला ते शेवटी कळतं. बरोबर निघालं त्याचं. राहायचं खातं सईकडे. तिच्या अटी दोन, स्टेशनपासून चालत अन् किचन असलेलं. चार जणांची एक खोली तिकडच्या हॉटेलात सहज मिळत नाही, दोन खोल्या घेतल्या की दुप्पट पैसे, त्यामुळे छोटे फ्लॅट घेतले. आम्ही शाकाहारी, खिचडी शिजवता आली पाहिजे हे तिला न सांगता कळलं होतं. पैशाचं खातं माझ्याकडे, अन् शेतीची व्यवस्था ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या दिरांना अन् सालगड्याला सगळं नेमून देणं.

एप्रिलच्या २१ तारखेला आम्ही कोलोसियमच्या तिकिटांसाठी बसलो, ती ३० दिवस आधी उघडतात. अन् त्याच दिवशी दुपारी बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. २०२५ हे रोममध्ये जुबिलीचं, म्हणजे कॅथलिकांच्या मोठ्या यात्रेचं वर्ष, गर्दी होतीच, आता काय होणार कळेना. तिकिटं मिळाली, पण नव्या पोपची निवड ८ मेला झाली अन् त्यांचा पहिला मोठा सोहळा १८ मेच्या रविवारी ठरला, म्हणजे आम्ही उतरणार तोच दिवस. मग आम्ही पहिल्या दिवशीचं सगळं काढून टाकलं, व्हॅटिकन दोन दिवसांनी ढकललं, अन् तो दिवस नुसता झोपायला ठेवला. सईची "नको" वाली चिठ्ठी अशी कामाला आली.

मेचा पहिला पंधरवडा मला आठवला तरी पोटात गोळा येतो. ७ मेपासून पाकिस्तानसोबत सीमेवरचं सुरू झालं, उत्तर अन् पश्चिमेकडचे कितीतरी विमानतळ बंद. मुंबई चालू होतं, पण घरात प्रश्न विमानाचा नव्हताच, अशा वेळी जावं का हा होता. गावातला एक मुलगा सैन्यात आहे, त्याच्या आईकडे मी रोज संध्याकाळी जाऊन बसत होते. ह्यांनी सरळ सांगितलं, लांबलं तर नाही जायचं, पैसे गेले तर गेले. मला ते पटलं होतं. १० तारखेला शस्त्रसंधी झाली, १२ ला विमानतळ उघडले, १३ ला सईचा दहावीचा निकाल लागला, ९१ टक्के. त्या माऊलीनेच पेढे घेऊन येऊन सांगितलं, जाय बाई आता, पोरीने कमावलंय.

अजून एक अडचण उरली होती. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले, आमच्याकडे आधी थेट कॉलेजात जाऊन व्हायचे. अर्ज नेमके आम्ही तिकडे असताना. आधी २१ मे तारीख होती, म्हणजे कोलोसियमचा दिवस, मग ती पुढे जाऊन २६ मे झाली. सईने सगळे दाखले स्कॅन करून फोनमध्ये अन् मेलमध्ये दोन्हीकडे ठेवले, मूळ मार्कशीट शाळेतून घ्यायला काकाला पत्र देऊन ठेवलं, अन् नाशिकच्या दहा कॉलेजांची पसंतीची यादी निघण्याआधीच कागदावर लिहून काढली.

बॅगा भरताना एक मोठी गोष्ट. बाहेरून युरोपात दुधाचे अन् मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप, खव्याचं काही नाही. फळं-भाज्यांना पण सर्टिफिकेट लागतं, पण पाच फळांना लागत नाही: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर, अन् केळी. पार्थने हे वाचून दाखवलं तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आम्ही नेली नाहीत, मुंबईच्या उकाड्यातच काळी पडली असती. बिबडे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, मुगाची डाळ अन् तांदूळ, एवढं नेलं.

रोमबद्दल थोडंच सांगते. गर्दी भरपूर होती, पाय दुखले, कोलोसियमच्या आत उभी राहिले तेव्हा मला बोलता आलं नाही, पार्थ "म्युझियम नको" वाला सगळ्यात जास्त वेळ खालच्या भुयारांकडे बघत होता, जनावरं वर कशी आणायचे ते विचारत. बोगदा आला तेव्हा त्याने घड्याळ लावलं. ५७ किलोमीटर, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा, भुसावळ-जळगावच्या दुपटीहून जास्त, अन् वीसेक मिनिटांत पलीकडे. कसाऱ्याच्या घाटात मागून ढकलायला बँकर (जादा इंजिन) लागतो, इथे डोंगराच्या बुडातूनच सपाट काढलाय, हे तो ह्यांना खिडकीतल्या अंधाराकडे बोट दाखवून समजावत होता.

२६ मेचा सोमवार, लुझर्नमधला शेवटचा दिवस. अकरावीचा फॉर्म उघडणार इकडच्या अकराला, म्हणजे तिकडचे साडेसात. सई, जी रोज नऊशिवाय उठत नव्हती, ती सातला तयार होऊन किचनच्या टेबलाशी बसली. फॉर्म भरायला दीड तास लागला, ओटीपी माझ्या नंबरवर येणार अन् माझं रोमिंग स्वित्झर्लंडमध्ये चालू राहील ह्याची मी आधीच खात्री केली होती (बरेच युरोपचे पॅक तिथे चालत नाहीत, स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, नीट विचारून घ्या). इकडे सई दाखले अपलोड करतेय अन् तिकडे ह्यांना दिरांचा फोन, रात्री वादळी वारा झाला, बांधाकडच्या दोन ओळी आडव्या झाल्या, बाकी बाग उभी आहे. त्याच दिवशी मुंबईत मान्सून पोचला, इतक्या लवकर तो गेल्या ७५ वर्षांत आला नव्हता. हे खिडकीत जाऊन उभे राहिले. समोर तळं अन् मागे बर्फाचे डोंगर, अन् माणूस मनाने बांधावर. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने पार्थ म्हणाला, पप्पा, आजीचं काम राहिलंय.

बापलेक खाली सुपरमार्केटात गेले. आले ते एक फणी घेऊन, पाच केळ्यांची, वर इक्वेडोरचं स्टिकर. किलोला अडीच फ्रँकच्या वर, म्हणजे आपले अडीचशे रुपये, अन् त्या आठवड्यात आमच्या शेतातून माल जात होता वीसच्या आत. ह्यांनी साल बघितली, देठ बघितला, एकही डाग नाही, घासल्याची खूण नाही, बराच वेळ हातात धरून म्हणाले, जात आपलीच ग्रँड नैन दिसतेय, फरक सगळा कापल्यानंतरच्या हाताळणीत आहे. मग व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितलं अन् विचारलं, गोड आहे का? ह्यांनी सोलून खाल्लं. म्हणाले, गोड आहे, पण आपल्याइतकं नाही. सईचा फॉर्म तोवर सबमिट झाला होता, तिने आजीला ओरडून सांगितलं.

पॅरिसमध्ये नोत्र दामला सई एकटी पुढे जाऊन बसली, अर्धा तास, आम्ही मागे थांबलो. आयफेलला लिफ्टची तिकिटं नव्हती मिळाली, दोघं पोरं ६७४ पायऱ्या चढून दुसऱ्या मजल्यावर गेली, आम्ही खाली गवतावर बसून खाकरे खाल्ले. एकूण खर्च आठ लाख साठ हजार झाला, त्यात सगळ्यात जास्त विमान अन् राहणं. खाण्यावर मी धरला होता त्याच्या निम्माच लागला, ते किचनमुळे.

१ जूनला घरी पोचलो. हे बॅग ओट्यावर ठेवून तसेच शेतात गेले. पार्थने खिशातून ते इक्वेडोरचं स्टिकर काढून आजीला दिलं, पासपोर्टच्या कव्हरला चिकटवून आणलं होतं. त्यांनी ते कॅलेंडरवर लावलं, त्यावर जिथे त्या दुधाचा अन् मजुरीचा हिशोब लिहितात तिथेच.